टाळेबंदीतला जावई

घरून, विस्कॉन्सिन
सोमवार, कामगार दिन (टपाल बंद, पत्र उद्या निघेल)

प्रिय अर्डेलताई,

धाकट्या नॉर्बचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझ्या त्या वाळवंटातली निवडुंगाची बाग, तिघंही सुखरूप असोत. आम्ही इकडे मजेत आहोत. व्हर्नाचा रक्तदाब तिच्या ताब्यात आहे आणि माझा व्हर्नाच्या ताब्यात आहे. टोमॅटो यंदा इतके आलेत की आम्ही पिशवी घेऊन निघालो की शेजारी दारं लावून घेतात. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तू विचारशील. कारण असं की, फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस (लहानपणीही देत नव्हतीस), आणि मला जे सांगायचंय ते पहिल्या वाक्यात मावणारं नाही. तेव्हा चष्मा लाव, कॉफी घे आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून फोन करू नकोस.

मुख्य बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू पानं उलटून शेवट बघणार नाहीस. आपल्या जोलेनचं लग्न येत्या रविवारी नाही, त्यानंतरच्या मंगळवारी आहे. मोडलेलं नाही. मुलगा तोच आहे, मुलगीही तीच आहे (थोडी वाळली आहे, पण तो माझ्यावरचा राग आहे, आजार नव्हे). तुझं विमान शुक्रवारचंच राहू दे. मंगळवारी कोण लग्न करतं, असं तू म्हणशील. फादरही तेच म्हणाले. आपल्या गावात मंगळवारी फक्त कचऱ्याची गाडी येते. आता यात चूक कुणाची, हे तुला व्हर्नाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. चूक कुणाचीच नाही. अगदी थोडीशी माझी आहे.

रेमी फोंतेनोला तू अजून पाहिलेलं नाहीस. पाहशील तेव्हा दोन हप्त्यांत पाहावं लागेल. लुइझियानाच्या दलदलीकडचा पोरगा, उंचीला आमच्या फ्रीजपेक्षा जास्त आणि रुंदीला फ्रीज अधिक शेजारचं कपाट. मागच्या वर्षी आपल्या फुटबॉलच्या टीमने त्याला घेतला. हातात चेंडू धरलेल्याच्या पुढे धिप्पाड पोरांची जी भिंत उभी असते ना, त्या भिंतीतली ही अगदी शेवटची वीट, म्हणजे दुसरी एखादी फुटली तरच लावायची. करंगळी मोडली म्हणून दवाखान्यात गेला, तिथे आपली जोलेन एक्स-रे काढते. करंगळी महिन्याभरात बरी झाली, एक्स-रे मात्र हिवाळाभर चालू होते. पोरगा गुणी आहे. मला ‘मिस्टर नॉर्ब’ आणि व्हर्नाला ‘मिस व्हर्ना’ म्हणतो, त्यांच्याकडची तशी रीत आहे. जेवल्यावर स्वतःची ताटली स्वतः धुतो, आणि ती बऱ्याच वेळा भरलेली असते, म्हणून बऱ्याच वेळा धुतो.

मार्चमध्ये खेळाडूंचा आणि मालकांचा करार संपला. वाटणीवरून जुळेना, आणि मालकांनी ठोकलं टाळं. तुझ्या तिकडच्या पेपरात बहुतेक ‘फुटबॉलपटूंचा संप’ असं छापून आलं असेल. ते साफ चूक आहे. संपात कामगार म्हणतो, मी आत येत नाही. टाळेबंदीत मालक म्हणतो, मी तुला आत घेत नाही. हा फरक मी या उन्हाळ्यात गावात इतक्या लोकांना समजावून सांगितला की, शेवटी लोक मला लांबून बघून रस्ता ओलांडायला लागले (टोमॅटोंचा त्यात संबंध नव्हता, ते नंतर आले). तर स्टेडियमला टाळं, व्यायामशाळेला टाळं, टीमच्या डॉक्टरला टाळं, औषधपाण्याचा विमाही बंद. प्रशिक्षकाने खेळाडूला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा द्यायच्या नाहीत. ज्यांची नावं मोठी, ते गेले समुद्रकिनारी. शेवटच्या विटेने कुठे जायचं? जोलेन त्याला सामानासकट घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, आपलं तळघर रिकामंच असतं ना?” अशा रीतीने जावई व्हायच्या आधीच आमच्याकडे घरजावई आला.

खरी पंचाईत पुढे आहे. इतर शहरांत टीमचा मालक म्हणजे कुणीतरी विमानातून फिरणारा गृहस्थ असतो. आपल्याकडे टीम गावाचीच. आणि माझ्या पन्नाशीला व्हर्नाने मला टीमचा एक शेअर भेट दिला होता, हे तुला आठवत असेल. त्यावर नफा मिळत नाही, तो विकता येत नाही, वर्षातून एकदा स्टेडियममध्ये बसून हात वर करता येतो आणि घरी येऊन त्याच्या फ्रेमवरची धूळ पुसता येते. आजवर मला त्याचा कोण अभिमान! पण टाळं लागल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी मासे खायला ओर्व्हिलकडे गेलो (कागद गिरणीत माझ्या शेजारच्या यंत्रावर असायचा तोच ओर्व्हिल, आता त्याचा बार आहे आणि मागे लग्नाचा हॉल), तर हा प्राणी भर गर्दीत टाळ्या वाजवून ओरडला, “उठा रे, उठा! मालक आले!” आणि सगळे गिरणीतले म्हातारे खरोखर उठून उभे राहिले. टोप्या काढून! ओर्व्हिल माझ्यापुढे ताटली ठेवून म्हणतो कसा, “साहेब, काटे काढून देऊ, की आमच्यासारखे तुम्हीच काढाल?”

ताई, मी युनियनचा सेक्रेटरी होतो. गिरणीला टाळं होतं त्या हिवाळ्यात फाटकासमोर पिंपात लाकडं जाळून मी आणि हाच ओर्व्हिल उभे राहिलो, आणि आमच्या रांगेतून एक कुत्रंसुद्धा आत जाऊ दिलं नाही. (एक गेलं होतं. ते मॅनेजरचं होतं.) अशा माणसाला म्हातारपणी ‘मालक’ म्हणवून घ्यायची पाळी आली, आणि टाळं लावलेला कामगार स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच टेबलाशी! बरं, घरात तरी सहानुभूती मिळावी? व्हर्नाने पेपरात वाचलं की टाळेबंदीत मालकांच्या माणसांनी खेळाडूंशी बोलायला बंदी आहे, आणि तिने तो कायदा घरी लागू केला. मी म्हणायचं, “व्हर्ना, खेळाडूला सांग, बटाटे इकडे सरकव.” व्हर्ना म्हणणार, “रेमी, मालकांना बटाटे हवेत.” आणि तो पोरगा मान खाली घालून, अगदी गंभीरपणे, “मिस व्हर्ना, मालकांना सांगा, बटाटे संपले.” जोलेन हसून हसून टेबलावरून उठून जायची. मी मात्र उपाशी.

शेवटी मी ठरवलं की आपली निष्ठा जगाला दाखवायची. गिरणीच्या वेळचा फलक गॅरेजमध्ये होता, त्यावरचं जुनं नाव खोडून ‘टाळं काढा, कामावर घ्या’ असं रंगवलं आणि स्टेडियमच्या फाटकाशी जाऊन फेऱ्या घालायला लागलो. एकटाच. तासाभराने आतून पहारेकरी आला. सभ्य माणूस होता, पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, “काका, कुणाविरुद्ध आहे हे?” म्हटलं, “मालकांविरुद्ध.” “मालक कोण?” आता खोटं कसं बोलू? म्हटलं, “मी.” त्याने ती बाटली माझ्या हातात दिली, मला सावलीत बसवलं आणि घरचा नंबर विचारला. तेवढ्यात आयोवाहून स्टेडियम बघायला आलेल्या बायकांची एक बस उतरली. त्यांना वाटलं मी स्टेडियमतर्फेच ठेवलेला आहे. सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले आणि मग माझी रांग ओलांडून आत गेल्या. व्हर्ना मला न्यायला आली तेव्हा तिनेही ती ओलांडली. आतल्या दुकानात तिला टोपी बदलून घ्यायची होती म्हणे.

निदर्शनं जमली नाहीत, तेव्हा मी प्रत्यक्ष मदतीकडे वळलो. रेमीला सरावाला जागा नव्हती, आणि त्याच्यासारख्या पोराचा सराव म्हणजे समोर कुणीतरी ढकलायला हवं. मी ओर्व्हिलला म्हटलं, कामगारांची एकजूट दाखवायची वेळ आली आहे, आपण उभे राहू. पाच निवृत्त गिरणी कामगार, प्रत्येकाच्या छातीशी एकेक जुनी गादी, आमच्या मागच्या अंगणात ओळीने. (सगळ्यांच्या गुडघ्यांची बेरीज केली तर खरे चार भरतील, बाकीचे डॉक्टरांनी बसवलेले.) रेमी आधी तयारच होईना. “मिस्टर नॉर्ब, मी हळूच लावतो.” मला राग आला. म्हटलं, माझ्यावर दया करू नकोस, मी मालक आहे असं समज. ताई, तेवढं म्हणायला नको होतं. मला आठवतंय ते इतकंच की, पोरगा जमिनीला हात टेकून वाकला, मग आकाश दिसलं आणि मग मी रूबार्बच्या वाफ्यात होतो, गादी माझ्यावर आणि गादीवर ओर्व्हिल. रेमी आम्हाला उचलायला धावला आणि त्याचाच घोटा मुरगळला. विमा बंद! व्हर्नाने त्याच्या पायाला गोठवलेल्या मटारची पिशवी बांधली, मग माझ्या कमरेला मक्याची. त्या रात्री जेवायला उकडलेल्या भाज्या होत्या, त्या दोन्ही पिशव्या बराच वेळ बाहेर राहिल्यामुळे. पण एक चांगलं झालं. त्या दिवसापासून बटाट्यांची बंदी उठली आणि आम्ही दोघं एकमेकांशी थेट बोलायला लागलो. रूबार्बमधून वर काढताना तो मला “बाबा” म्हणाला होता. ऐकू न आल्यासारखं केलं मी, पण आलं होतं.

गावाचं तू विचारूच नकोस. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं एकमेकांशी काय बोलतात? येत्या मोसमाबद्दल. मोसम नाही म्हटल्यावर बोलणार काय? नवरे बायकांशी बोलायला लागले. त्यातून कितीतरी घरांत भांडणं झाली. स्टेडियमजवळचे लोक एरवी पैसे घेऊन अंगणात सामन्याच्या मोटारी लावू देतात, त्यांनी यंदा चक्क गवत वाढवलं. पुरुषमाणसं खिडक्या पुसताना दिसायला लागली. आणि हॉलचं म्हणशील, तर सप्टेंबरपासून नाताळापर्यंतचे ओर्व्हिलचे सगळे रविवार रिकामे, कारण सामन्याच्या रविवारी लग्न ठेवणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा होता.

आता ती थोडीशी चूक. जूनमध्ये रेमीची आई, ओडील, साखरपुड्यासाठी आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, देवभोळी, बोलायला हळू आणि स्वयंपाकात जबर. आमच्या मोठ्या कढईतला बूया, म्हणजे आपला तो कोंबडीचा दाट रस्सा, खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “चांगला आहे. आजारी माणसाला देता येईल.” दुसऱ्या दिवशी तिने तिच्याकडचं झणझणीत कालवण केलं, गंबो. ते खाऊन मला तासभर कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, पण तीनदा घेतलं. असो. तारीख काढायला सगळे ओर्व्हिलकडे जमलो. ओडीलला सुट्टी मिळणार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि शनिवार तर वर्षभर आधीच गेलेले. ओर्व्हिल म्हणाला, रविवार आहे, पण त्या दिवशी दुपारी इथेच सामना आहे, मोसमातला पहिला, टाळं उघडलं तर. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण टाळेबंदी या विषयात घरात जाणकार एकच. मी उभा राहिलो. म्हटलं, संप मोडतो भुकेने आणि टाळेबंदी मोडते कंटाळ्याने, आणि श्रीमंत माणूस नाताळच्या आधी कंटाळत नाही. आपल्या गिरणीचं टाळं सफरचंदांच्या दिवसांत लागलं ते पुढची सफरचंदं पिकेपर्यंत निघालं नव्हतं. सप्टेंबरात या मैदानावर गाई चरतील, बिनधास्त लग्न करा! रेमीने भीतभीत विचारलं, “नक्की ना, मिस्टर नॉर्ब?” म्हटलं, अरे, मी यात केस पांढरे केलेत. ओर्व्हिलने शाईने लिहिलं.

जुलैतल्या एका सोमवारी मी कुंपण रंगवत होतो. अचानक गावातली प्रत्येक मोटार भोंगा वाजवायला लागली. चर्चची घंटा वाजली. शेजारचा माणूस, जो माझ्याशी टोमॅटोंवरून बोलत नव्हता, त्याने येऊन मला मिठी मारली आणि रंग लावून घेतला. टाळं उघडलं होतं! अख्ख्या विस्कॉन्सिनात त्या दिवशी एकच माणूस हातात ब्रश घेऊन खिन्न उभा होता, आणि तो टीमचा मालक होता, आजन्म कामगार होता आणि पाळण्यात असल्यापासून टीमचा भक्त होता. तिन्ही अंगांनी आनंद व्हायला हवा होता. पण चौथ्या अंगाने मी मुलीचा बाप होतो, आणि मला फक्त रविवार दिसत होता. जोलेन आतून बाहेर आली. हसत होती आणि रडतही होती. म्हणाली, “नाताळ ना, बाबा?” एवढंच. रेमी मात्र पिशवी भरून, घोट्याला पट्टी बांधून तयार. जाता जाता दारात थांबून म्हणाला, “मालक, येऊ का आत कामाला?” मी म्हटलं, जा रे, पळ. आणि खरंच सांगतो, मला भरून आलं.

पुढचा ऑगस्ट मी शत्रूलाही देणार नाही. टीमकडे उन्हाळ्यात गरजेच्या जवळजवळ दुप्पट पोरं असतात, आणि मोसमाच्या तोंडावर निम्म्यांना घरी पाठवतात. शेवटची वीट आधी काढतात हे काय कुणी सांगायला हवं? टाळेबंदीमुळे नव्या-जुन्या सगळ्यांचा सराव बुडालेला, त्यात याचा घोटा. म्हणजे बघ, त्याला काढलं तर रविवारचं लग्न ठरल्यासारखं पार पडतं, पण नवरा बेकार. ठेवलं तर नवऱ्याचं नशीब उघडतं, पण मुहूर्ताच्या वेळी तो मैदानावर कुणालातरी आडवा आलेला असणार. एका संध्याकाळी जोलेन माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, मी देवाकडे मागू तरी काय?” ताई, मला तू ओळखतेस. कुठल्या विषयावर मला मत नाही असं झालंय का? त्या दिवशी नव्हतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसलो आणि ती बसू देत होती, म्हणजे किती घाबरली असेल बघ.

परवा शनिवारी तो दिवस आला. रीत अशी की, ज्याला काढायचं त्याला फोन येतो. ज्याला ठेवायचं त्याला काहीच येत नाही. म्हणजे वाट बघायची ती काहीही न होण्याची. रेमी आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसला होता, मोबाइल टेबलावर, आणि आम्ही चौघं त्या फोनकडे विंचवाकडे बघावं तसे बघत होतो. व्हर्नाने ॲपल पाय केला होता, कुणी कापलासुद्धा नाही. दुपार टळत आली, मुदत संपायला थोडाच वेळ उरला, आणि फोन वाजला. जोलेनने डोळे मिटले. रेमीने फोन कानाला लावला, “येस सर. येस सर,” म्हणाला, आणि मग खांदे पाडून फोन माझ्यापुढे धरला. ओर्व्हिल होता. माझा फोन लागत नव्हता म्हणून याला केला म्हणे. “नॉर्ब, रविवारच्या बूयाला कोंबड्या किती सोलू?” मी त्याला जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, फादर हे पत्र वाचणार नसले तरी. त्यानंतर फोन वाजलाच नाही. मुदत टळून गेली तरी कुणी हलेना. मग रेमी उठला, सिंकपाशी गेला आणि आधीच धुतलेली ताटली पुन्हा धुवायला लागला. त्याची पाठ हलत होती. व्हर्ना त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, जेवढी मिठीत आली तेवढीला.

मंगळवार रेमीनेच सुचवला. खेळाडूंना आठवड्यातून एकच सुट्टी असते, आणि ती मंगळवारी. ओर्व्हिलच्या हॉलमध्ये मंगळवारी म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा असतो. ते म्हणाले, आम्ही गिरणीच्या टाळेबंदीतसुद्धा डाव सोडला नाही, लग्नासाठी कसा सोडू? तेव्हा असं ठरलंय की ते कोपऱ्यात खेळतील, शपथा चालू असताना पत्ते आपटणार नाहीत, आणि बूया त्यांनाही. ओडील गंबोही करणार आहे, दुसऱ्या कढईत. ओर्व्हिलने जुनी तारीख शाईने लिहिली होती ती खोडता येईना, म्हणून पान फाडून टाकलं. जोलेन कालपासून माझ्याशी पुन्हा नीट बोलते आहे. रविवारी सामना, मंगळवारी लग्न. मला विचारशील तर पहिल्यापासून हाच बेत उत्तम होता.

बाकी सर्व क्षेम. मांजराला माझ्यातर्फे गोंजार. शुक्रवारी विमानतळावर मी येतोच आहे. तुझी बॅग मी उचलणार नाही, रेमी उचलेल, आणि बहुधा तुलाही.

तुझा,
नॉर्ब

ता. क. येताना तुझ्या अंगणातली लिंबं आण. ओडीलला हवी आहेत.

ता. क. २. पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. ओडीलही शुक्रवारीच येते आहे. आपल्या पोराला टीमच्या कपड्यांत खेळताना तिने स्टेडियममध्ये बसून कधीच पाहिलेलं नाही. रविवारची तिकिटं कुठेही मिळत नाहीत, मालकालासुद्धा नाही. बाबांनी आपल्या दोघांना ठेवलेल्या स्टेडियममधल्या त्या दोन कायमच्या जागाच काय त्या आहेत, एक तुझी, एक माझी. तू इतक्या वर्षांनी सामन्याला यायची आहेस हे मी जाणतो. पण तुझा गुडघा, त्या पायऱ्या, तो थंडगार ॲल्युमिनियमचा बाक, आणि ऊन निघालं तर ऊन. घरी व्हर्नाजवळ बसून रेडिओ ऐकणं किती सुखाचं! माझी जागा मी हसत दिली असती, पण ओडीलला खेळ समजावून सांगायला कुणीतरी जाणकार शेजारी हवा. नीट विचार कर. तू मोठी आहेस, निर्णय तुझा. फोन करू नकोस.

ता. क. ३. वन्सं, मी व्हर्ना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. ह्यांचं काही मनावर घेऊ नका, तुमची जागा तुमचीच. ह्यांनी स्वतःचं तिकीट शनिवारीच ओडीलला पाठवलं, त्या फोनची मुदत टळल्या टळल्या. कुणाला सांगितलंसुद्धा नाही. आता जीव वरखाली होतोय म्हणून तुमच्या जागेवर डोळा आहे. रविवारी हे ओर्व्हिलबरोबर कोंबड्या सोलणार आहेत, मी ठरवून टाकलंय. तुमच्याकडे खरं काम वेगळंच आहे, ते सांगायला हे धजत नाहीत. ओडील बसेल तुमच्या शेजारी. रेमी वाकला की ती डोळे घट्ट मिटते, आणि तो पोरांच्या ढिगाखालून उठला असं कुणी सांगितल्याशिवाय उघडत नाही. साखरपुड्याला आली होती तेव्हा आम्ही तळघरात त्याच्या दोन जुन्या सामन्यांचं रेकॉर्डिंग लावलं होतं. हे तिच्या शेजारी बसून दर वेळी सांगत होते, “उठला.” पुढच्या वेळी पुन्हा, “उठला.” सगळा सामनाभर. तेवढं तुम्ही रविवारी करा.

ता. क. ४. व्हर्नाने लिहिलेलं सगळं खोटं आहे. पण ते मात्र सांग, ताई. दर वेळी सांग. आणि मोठ्याने, गोंगाट फार असतो.